राखाडी पिशवीचा लाल दिवा

१

पेशंटच्या खांद्याला पट्टा बांधून थोरली हात धुवायला आत गेली आणि सवयीनं तिनं फोन पाहिला. आणखी एक रिव्ह्यू आला होता. पुन्हा एकच स्टार.

"ही शेकायची पिशवी घेऊ नका. घेतली असलीच तर झोपताना जवळ ठेवू नका. लहान मूल असेल त्या खोलीत तर लावूच नका."

त्याखाली ऑनलाइन विक्रीच्या साइटची सूचना होती. तक्रारी वाढल्या आहेत, लवकरात लवकर समाधानकारक खुलासा करा, नाहीतर तुमची वस्तू विक्रीतून काढून टाकावी लागेल. बाहेरून पेशंटनं हाक मारली तेव्हा तिच्या लक्षात आलं की नळ तसाच वाहतोय.

सासरी दोन सुना. मोठी ती थोरली आणि लहान ती धाकटी. ही नावं घराबाहेरही चिकटली होती. थोरली फिजिओथेरपिस्ट. दिवसभर उभं राहून लोकांच्या पाठी सरळ करता करता तिची स्वतःचीच वाकायला लागली होती. तेव्हा दिरानं, धाकटीच्या नवऱ्यानं, ही कल्पना काढली. उभं राहून पैसे मिळवायचे दिवस गेले, असं त्याचं म्हणणं. विजेवर तापणारी शेकायची पिशवी ऑनलाइन विकायची. माल कारखान्यातून थेट साइटच्या गोडाऊनला जाणार, तिथून गिऱ्हाइकाच्या दारात. पॅकिंग त्यांचं, पोचवणं त्यांचं. आपण नुसतं नाव द्यायचं, आणि घरबसल्या पैसे येत राहणार.

थोरलीनं नाव दिलं आणि फोटोही दिला. प्रत्येक खोक्यावर पांढऱ्या कोटातली थोरली हसत होती आणि खाली लिहिलं होतं, ‘फिजिओथेरपिस्टच्या अनुभवातून’. पहिल्या हिवाळ्यात घरातले हसले. दुसऱ्या हिवाळ्यात कुणी हसेनासं झालं, कारण तेवढ्यात क्लिनिकची संध्याकाळची पाळी बंद करण्याइतके पैसे यायला लागले होते.

आणि आता थंडी ऐन भरात आली असताना हे सुरू झालं होतं. एका पाठोपाठ एक, निरनिराळ्या नावांनी, एकेक स्टार. आणि साइटचा नियम असा की वस्तू विकत घेतलेल्या माणसालाच रिव्ह्यू लिहिता येतो. म्हणजे हे लोक आधी पिशवी विकत घेत होते आणि मग तिला शिव्या देत होते.

कोण करतंय याबद्दल थोरलीच्या मनात शंका नव्हती. तिची कॉलेजातली मैत्रीण. आधी धंद्यात तिघं होती, थोरली, दीर आणि ती. मग दिराशी तिचं वाजलं, ती बाहेर पडली आणि आता त्याच साइटवर तशाच पिशव्या विकत होती. तिला फोन करून चांगलं सुनवावं म्हणून थोरलीनं नंबरही काढला. पण लावला नाही. असल्या रागात भांडू नये एवढं तिला कळत होतं.

तिनं मावशीला फोन लावला.

२

मावशीनं जन्मभर विमा कंपनीत नोकरी केली. काम एकच. कुठं दुकान जळालं, गोदाम जळालं की तिथं जायचं आणि आग कुठून लागली, कशी लागली, की कुणी लावली, ते शोधून काढायचं. निवृत्त झाली तरी कुठल्याही खोलीत शिरताना आधी नाकानं हुंगायची सवय गेली नव्हती. राख खोटं बोलत नाही, मालक बोलतो, असं ती म्हणायची.

क्लिनिकच्या मागच्या खोलीत बसून तिनं थोरलीला सगळे एक स्टारचे रिव्ह्यू मोठ्यानं वाचायला लावले. स्वतः डोळे मिटून बसली. वाचून झाल्यावर थोरली मैत्रिणीबद्दल सांगायला लागली, तर तिनं हातानंच थांबवलं.

"परत वाच. आणि यात 'मी' कुठं येतो ते मला दाखव."

थोरलीनं पुन्हा वाचलं. कुठंच नव्हता.

मावशीनं डोळे उघडले. म्हणाली, "तक्रार करणारा माणूस स्वतःबद्दल बोलतो गं. माझे पैसे बुडाले, माझी फजिती झाली, मला मनस्ताप झाला. मी हेच ऐकत म्हातारी झाले. इथं 'मी' औषधालाही नाही. इथं सगळं 'तुम्ही' आहे. तुम्ही घेऊ नका, तुम्ही जवळ ठेवू नका."

मग तिनं विचारलं की यांच्यापैकी किती जणांनी पिशवी परत पाठवून पैसे मागितले. थोरलीला माहीत नव्हतं, ते सगळं दीर बघायचा. त्याला फोन केला तर तो म्हणाला, यांच्यातल्या एकानंही नाही, आणि तेच तर विचित्र आहे. पुढं तो बराच वेळ मैत्रिणीच्या नावानं बोटं मोडत राहिला.

"वैरी असता तर परत पाठवली असती," मावशी म्हणाली. "फुकटात काम झालं असतं, वर तुझा तोटा. पदरमोड करून वैऱ्याचा माल घरात साठवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. आता हा एक रिव्ह्यू बघ."

तो पहिल्यांदा आलेल्यांपैकी होता. थोरलीनं तो रागाच्या भरात वाचून सोडून दिला होता. "निळ्या पिशवीचा दिवा आपोआप विझायचा. राखाडीचा विझत नाही."

ही पिशवी वापरायची रीत सोपी होती. वायर लावली की लाल दिवा लागतो. आतलं पाणी पुरेसं तापलं की वीज आपोआप तुटते आणि दिवा विझतो. मग वायर काढून पिशवी पाठीखाली घ्यायची.

"तू निळ्या विकतेस का?" मावशीनं विचारलं.

थोरली नाही म्हणाली आणि मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. निळ्या पिशव्या कधी विकायला आल्याच नव्हत्या. कारखान्यानं पहिल्यांदा नमुन्यादाखल थोड्या पाठवल्या होत्या, त्या निळ्या होत्या. त्या तिनं जवळच्यांना वाटून टाकल्या. एक स्वतःला, एक दिराच्या घरी, एक मैत्रिणीला, एक मावशीला.

"म्हणजे संशयितांत मीही आले," मावशी म्हणाली. पण ती हसली नाही. "मी लिहिलेलं नाही, एवढं सांगते. उरली तीन घरं. त्यातलं एक तुझं."

 बाहेरच्या वैऱ्याशी लढायची थोरलीची तयारी होती. घरातल्या माणसाकडे त्या नजरेनं कसं बघायचं ते तिला माहीत नव्हतं.

मावशीनं पुढचा प्रश्न अगदी सहज विचारावा तसा विचारला. राखाडी पिशवी तू कधी वायर लावून पाहिलीस का?

थोरलीनं कधी राखाडी पिशवी हातातसुद्धा घेतली नव्हती. तिचं नाव, तिचा चेहरा आणि तिची पदवी घेऊन त्या पिशव्या लोकांच्या अंथरुणात गेल्या होत्या, आणि तिनं त्यांना स्पर्शही केला नव्हता.

३

विक्री आत्ताच्या आत्ता बंद कर, असं मावशीचं म्हणणं पडलं. पण साइटचा पासवर्ड दिराकडे होता. थोरलीनं पुन्हा फोन केला. तो समजुतीच्या सुरात बोलला. वहिनी, ऐन थंडीत सेल चालू आहे, कुणा माथेफिरूच्या लिहिण्यावरून दुकान बंद केलं तर साइटच्या यादीत पुन्हा वर यायला वर्ष जाईल. शंकाच असेल तर एक पिशवी मागवून बघा आणि मग ठरवा. थोरलीला ते पटलं. खरं सांगायचं तर तिला ते पटवून घ्यायचं होतं. तिनं स्वतःचीच एक पिशवी, गिऱ्हाइकासारखी, साइटवरून मागवली. तोवर किती जण ती पाठीशी घेऊन झोपतील, एवढंच मावशीनं विचारलं, आणि ते थोरलीला दिवसभर टोचत राहिलं.

दुपारी दोघी मैत्रिणीच्या दुकानात गेल्या. छोटंसं दुकान, मागं खोक्यांची चळत, आणि खुर्चीवर मैत्रीण स्वतः पाठीशी तीच जुनी निळी पिशवी घेऊन बसलेली. थोरलीला बघून ती उठली नाही. मावशीनं आडवळण न घेता विचारलं.

मैत्रीण म्हणाली की तिला बुडवायचंच असतं तर तिनं ढीगभर पिशव्या मागवून सगळ्या परत पाठवल्या असत्या. रिव्ह्यू कोण वाचतं? परत आलेल्या मालानं दुकान झोपतं. आणि मग, थोरलीकडे न बघता, ती म्हणाली, "तुझ्या दिराशी माझं का वाजलं ते तू कधी विचारलं नाहीस. या हिवाळ्याच्या आधी कारखानेवाला तोच माल आणखी स्वस्तात द्यायला निघाला होता. मी विचारलं, स्वस्त कशामुळं? तो सांगेना. मी म्हटलं, मग नको. तुझा दीर म्हणाला, बायका उगाच खोलात शिरतात."

 दिरानं भांडणाचं कारण थोरलीला वेगळंच सांगितलं होतं. मैत्रिणीला जास्त वाटा हवा होता म्हणे.

घरी नवरा पेपर तपासत बसला होता. तो कॉलेजात शिकवायचा, आणि धंद्याबद्दल त्याचं मत सगळ्यांना ठाऊक होतं. बायकोनं शिकून मिळवलेलं नाव खोक्यावर छापणं त्याला आवडलं नव्हतं. मावशीनं त्याला रिव्ह्यू दाखवले तेव्हा तो आधी चिडला, मग म्हणाला की लिहिले नाहीत, पण वाचून बरं वाटलं हे मात्र कबूल. थोरली स्वयंपाकघरात निघून गेली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्यावर असा संशय येऊ शकतो, आणि तो येताच त्याच्या प्रत्येक वाक्याला दोन अर्थ दिसायला लागतात, हे तिला पहिल्यांदा कळत होतं.

मावशीनं जाता जाता त्याला विचारलं की घरातल्या पिशवीचा दिवा कुठल्या रंगाचा आहे. त्यानं जरा विचार केला आणि हिरवा म्हणाला.

फाटकाशी येऊन मावशी थोरलीला म्हणाली, "तुझा नवरा नव्हे. ज्यानं हे लिहिलं त्यानं तो लाल दिवा बसून बघितलाय. विझतो का म्हणून वाट बघितलीय." तिनं फाटकाची कडी काढली. "आता एकच घर उरलं."

४

दिराचं घर गल्लीच्या पलीकडच्या इमारतीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी गेल्या तेव्हा तो लॅपटॉपवर जाहिरातींचे आकडे बघत होता. धाकटी चिमुरडीला भरवत होती. मुलगी जेमतेम चालायला लागली होती आणि प्रत्येक घासाला पळून जात होती.

दीर मोकळेपणानं बोलला, जरा जास्तच मोकळेपणानं. राखाडी माल निळ्यासारखाच आहे, फक्त कापडाचा रंग वेगळा. स्वस्त मिळाला कारण जास्त घेतला. मैत्रीण जळते, म्हणून काहीही सांगते. मावशीनं विचारलं की एखादी राखाडी पिशवी घरात आहे का, बघू तरी. तो म्हणाला की घरात एकही नाही, सगळा माल परस्पर गोडाऊनला जातो, हीच तर यातली गंमत आहे. एवढ्यात त्याला फोन आला आणि तो गॅलरीत गेला.

मावशीनं कमरेवर हात ठेवला आणि कण्हली. कालपासून फिरून फिरून पाठ धरलीय, म्हणाली. ती निळी पिशवी असेल ना घरात, जरा दे गं शेकायला.

धाकटीनं मुलीचं तोंड पुसलं, आत गेली, आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली. तिच्या हातात तव्यावर गरम केलेला टॉवेल होता.

"निळी पिशवी खराब झाली का?" मावशीनं विचारलं.

नाही, चांगली आहे, असं धाकटी म्हणाली. पण ती कुठं ठेवलीय आठवत नाही. टॉवेलचा शेक बरा असतो. मावशीनं टॉवेल घेतला, कमरेला लावला, आणि मुलीकडे बघत राहिली. मुलगी आता भिंतीजवळच्या विजेच्या प्लगशी खेळत होती. त्या प्लगवर, आणि नजर फिरेल तिथल्या प्रत्येक प्लगवर, कागदी चिकटपट्टी लावून टाकलेली होती.

गॅलरीतून दिराचा आवाज येत होता. मावशी खालच्या आवाजात बोलली.

"पिशव्या विकणारं घर, आणि शेक टॉवेलचा. पोरी, विजेला एवढी कशानं घाबरलीस?"

धाकटीनं गॅलरीच्या दाराकडे पाहिलं. मग उठली आणि आतल्या खोलीत गेली. थोरली आणि मावशी तिच्या मागोमाग. तिनं दिवाणावरची गादी सरकवून फळी उचलली. वर रजया होत्या, बाळंतपणातले जुने कपडे होते. नवऱ्यापासून काही लपवायचं असेल तर ते धुऊन घडी करायच्या कपड्यांखाली लपवावं, हे कुणी तिला शिकवायची गरज नव्हती. तिनं कपडे बाजूला केले.

खाली खोकी होती. दिवाण भरून, एकावर एक रचलेली. प्रत्येक खोक्यावरून पांढऱ्या कोटातली थोरली हसत होती.

५

पहिला राग थोरलीला आला तो धाकटीचा. तू होतीस तर, असं ती म्हणाली. मावशीनं तिला दिवाणाच्या कडेला बसवलं आणि एक खोकं उचलून बाहेर नेलं.

दीर गॅलरीतून आत आला तेव्हा मावशी पिशवी घेऊन गॅलरीकडेच निघाली होती. घरात एकही नाही म्हणालास ना, ती म्हणाली, ही बघ सापडली. तिनं गॅलरीतल्या फरशीवर पिशवी ठेवली, आजूबाजूची पायपुसणी आणि वाळत घातलेले कपडे काढायला लावले, मुलीला शेजारी सोडून यायला सांगितलं आणि वायर लावली. लाल दिवा लागला. सगळे दाराशी उभे राहिले. थोरलीच्या नवऱ्यालाही फोन करून बोलावलं होतं, तो धापा टाकत येऊन मागं उभा राहिला.

पाणी तापायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला. दिवा लालच. आतून खदखद ऐकू यायला लागली. कापडाचा घट्टपणा दिसायला लागला, मग पिशवी फुग्यासारखी वर आली आणि तिच्या शिवणीशी वाफेची बारीक रेघ उठली. दिवा लालच होता.

"बंद कर," दीर म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नसावा. "मावशी, बंद करा."

मावशीनं भिंतीवरचं बटण बंद केलं. कुणीही पुढं गेलं नाही.

मग तिनं सगळं सांगितलं. बोलायची तिची पद्धत सरकारी अहवालासारखी होती, पण थोरलीला त्यातला प्रत्येक शब्द अंगावर येत होता. रिव्ह्यू लिहिणाऱ्याला सूड घ्यायचा नव्हता, म्हणून त्यात 'मी' नव्हता. पिशवी परत पाठवायची नव्हती, कारण परत गेलेली पिशवी गोडाऊनमधून पुन्हा दुसऱ्याच्या घरी जाते. लिहिणाऱ्याला पिशव्या बाजारातून काढून घ्यायच्या होत्या. निळी पिशवी त्याच्या घरात होती. आणि त्याच्या मनात सतत लहान मूल असलेली खोली होती. ज्या चार घरांत निळी पिशवी गेली, त्यात लहान मूल एकाच घरात होतं.

त्यानंतर धाकटी बोलली, आणि ती थोरलीकडे बघून बोलली, नवऱ्याकडे नाही. या स्वस्त राखाडी मालातली एक पिशवी नवऱ्यानं हिवाळ्याच्या सुरुवातीला घरी आणली होती. मुलीची गादी ऊबदार करावी म्हणून तिनं ती वायर लावून गादीवरच ठेवली आणि दूध तापवायला गेली. परत आली तेव्हा दिवा लाल होता. तिला वाटलं, अजून तापतेय. ती बसून बघत राहिली. मग पिशवी फाटली. मुलगी तिच्या कडेवर होती, म्हणून वाचली. पाणी सांडून गेल्यावरही आतली तार तापतच राहिली आणि गादीला भोक पडलं.

नवऱ्याला सांगितलं तर तो घाबरला होता हे खरं, पण म्हणाला, एखादा पीस खराब निघतो. वहिनीला सांगू नकोस, सगळा पैसा त्या मालात अडकलाय. कारखान्याला विचारतो. पुढं त्यानं कधी विचारलं नाही, आणि फाटलेली पिशवी कचऱ्यात टाकली. धाकटी शिकवण्या घ्यायची. शिकवणीच्या पैशांतून तिनं माहेरच्यांच्या, मैत्रिणींच्या, जुन्या विद्यार्थ्यांच्या नावानं खाती उघडून पिशव्या मागवायला आणि त्याच नावांनी रिव्ह्यू लिहायला सुरुवात केली. त्या लोकांना सांगितलं की नवऱ्याच्या धंद्याला हातभार लावतेय.

"स्वस्त का मिळतंय ते तू विचारलं नाहीस?" थोरलीच्या नवऱ्यानं भावाला विचारलं.

"विचारलं असतं तर कळलं असतं," दीर म्हणाला. तो फरशीवर बसला होता आणि पिशवीकडेच बघत होता. इतका खरा तो त्या दिवशी पहिल्यांदाच बोलला.

थोरली धाकटीसमोर जाऊन उभी राहिली. तिचा राग आता कुणावर काढावा हे तिला कळत नव्हतं, म्हणून तो तिनं जवळच्या माणसावर काढला. "गल्लीच्या पलीकडे राहतेस. रोज भेटतो आपण. मला सांगायचं तरी होतंस."

"सांगितलं की ताई," धाकटी म्हणाली. "किती वेळा सांगितलं. नवऱ्याला बुडवल्यासारखं होईल म्हणून तुमच्या दारात येऊन सांगायची हिंमत झाली नाही, पण सांगितलं. दर वेळी तुमच्या नावानं उत्तर आलं, 'आपल्या अभिप्रायाबद्दल आम्ही आभारी आहोत.'"

ते उत्तर आपोआप जायचं. दिरानं तशी सोय करून ठेवली होती. थोरलीला ते माहीतही नव्हतं.

६

त्याच सकाळी दिरानं विक्री बंद केली. थोरली त्याच्या शेजारी उभी राहून बघत होती. मग साइटला सगळं कळवलं, आणि आजवर पिशवी घेतलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला निरोप गेला. पिशवी वापरू नका. आत्ताच्या आत्ता वायर काढा. पैसे परत मिळतील. खाली थोरलीनं स्वतःचा फोन नंबर दिला. दिरानं नंबर देऊ नका म्हणून सांगून पाहिलं. तिनं ऐकलं नाही.

मावशी तिच्याजवळ राहायला आली. ते दिवस कसे गेले ते थोरलीला पुढं नीट सांगता यायचं नाही. फोन वाजला की ती हातातलं काम टाकून धावायची आणि वाजला नाही तरी उचलून बघायची. बरेच लोक शिव्या द्यायचे. काहींनी पिशवी केव्हाच फेकून दिली होती. एका बाईच्या पोटरीला चटका बसला होता, तिनं थोरलीला बरंच सुनावलं आणि थोरलीनं ते सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं. त्या बाईला भेटायला दोघी जावा गेल्या. बाईनं दार उघडलं, पण आत बोलावलं नाही.

साइटनं खातं बंद केलं. दीर दुसरी नोकरी शोधायला लागला. घरी तो धाकटीशी मोजकंच बोलायचा, आणि धाकटीही त्याला बोलायला लावत नव्हती. मुलगी मात्र दोघांच्या मधे झोपायची. थोरलीनं क्लिनिकची संध्याकाळची पाळी पुन्हा सुरू केली. पेशंटना त्याचं बरं वाटलं. कुणी कारण विचारलं नाही.

निरोपाला उत्तर न देणारी काही गिऱ्हाइकं उरली होती. ती एकेक करून कमी होत गेली. शेवटी ज्यांच्याकडून काहीच कळलं नव्हतं, त्यांच्यापैकी एका बाईचा एका संध्याकाळी फोन आला. दुसऱ्या गावाहून बोलत होती. निरोप आजच बघितला, म्हणाली. पिशवी तिनं वडिलांसाठी मागवून दिली होती. वडील एकटे राहतात. तिनं त्यांना दोनदा फोन करून सांगितलं, पण ते ऐकत नाहीत. त्यांना वाटतं की मुलीला वस्तू परत करून पैसे वाचवायचेत. पिशवीनं पाठीला आराम पडतो, मी देणार नाही, असं म्हणतात. रोज वायर लावतात आणि तिथंच आडवे होतात.

"तुम्ही बोलाल का त्यांच्याशी?" बाईनं विचारलं. "खोक्यावर तुमचा फोटो आहे. डॉक्टरीणबाईंची पिशवी म्हणतात ते तिला."

थोरलीनं नंबर घेतला. क्लिनिकमध्ये एक पेशंट पालथा पडून होता. धाकटी त्या दिवशी मदतीला आली होती, ती त्याच्याकडे गेली. थोरलीनं मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं आणि नंबर लावला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. 

मग एक जाडा, कुरकुरता आवाज आला. थोरलीनं आपण कोण ते सांगितलं. म्हातारे एकदम आदरानं बोलायला लागले. पिशवी फार चांगली आहे, म्हणाले. आत्ताही लावलीय. तापत आलीय.

 थोरलीनं आवाज चढवला नाही. पेशंटला कूस बदलायला सांगताना ती ज्या आवाजात बोलायची त्याच आवाजात बोलली. "आजोबा, तुम्ही कुठं आहात आता?"

पलंगावर.

"पिशवी कुठं आहे?"

पाठीशीच.

"मग असं करा. हळूच पुढं सरका. पिशवीला हात लावायचा नाही. उठता येतंय?"

कुरकुर ऐकू आली, पलंग करकरला. उठलो, असं ते म्हणाले.

"आता भिंतीवरचं बटण बंद करा. वायर ओढू नका, आधी बटण. मी फोनवर आहे."

पावलं ऐकू आली. फार सावकाश चालत होते ते. मधे कुठंतरी थांबलेसुद्धा. थोरलीनं डोळे मिटून घेतले होते. मग खट्‌ असा बारीक आवाज आला.

"केलं बंद," आजोबा म्हणाले. जरा वेळ ते पिशवीकडे बघत असावेत. "बाई, ही फुगलीय की हो."

"असू द्या. तिच्याजवळ जाऊ नका. आज त्या खोलीत झोपू नका."

 थोरली भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली.  दाराच्या फटीतून धाकटी बघत होती. थोरलीनं तिला मान हलवून सांगितलं, आणि धाकटीनं दाराच्या चौकटीला डोकं टेकलं.

"ते सगळं ठीक आहे," पलीकडून आजोबांचा आवाज आला. पहिल्यासारखाच कुरकुरता. "पण मग आता माझ्या पाठीचं काय?"

थोरलीनं डोळे पुसले आणि टेबलावरचं पेन ओढून घेतलं.

"पत्ता सांगा," ती म्हणाली. "मी येते."